पुस्तकांचे कपाट मुलांच्या हाती

शाळेचे ग्रंथालय हे बहुतेक मुलांना भेटणारे पहिले ग्रंथालय असते आणि खेड्यातल्या मुलांसाठी ते पुष्कळदा बरीच वर्षे एकमेव राहते. ज्या घरात दिनदर्शिका, एखादी पोथी आणि पाठ्यपुस्तके एवढाच छापील मजकूर असतो, तिथल्या मुलाला परीक्षेशी संबंध नसलेले पुस्तक शाळेतच पहिल्यांदा हाती लागते. म्हणून या ग्रंथालयाशी त्याची ओळख कशी करून दिली जाते, याला फार महत्त्व आहे. कपाटाकडे बोट दाखवून ‘हे आपलं ग्रंथालय’ असे सांगितल्याने ओळख होत नाही. पुस्तक शोधणे, निवडणे, नावावर लिहून घेणे, घरी नेणे, परत आणणे आणि दुसरे मागणे ही सगळी कामे मूल आपल्या हाताने करू लागते, तेव्हा ही ओळख पुरी होते.

नाशिकहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा दिंडोरी तालुका हा या कामाच्या सगळ्या अडचणी आणि सगळ्या शक्यता एकाच ठिकाणी दाखवणारा भाग आहे. मोहाडी, जानोरी, खेडगाव, लखमापूर या बाजूला द्राक्षबागा आणि टोमॅटोची शेती आहे. पश्चिमेला ननाशी, कोशिंबे हा भाग पेठ तालुक्याच्या डोंगराळ मुलखाला जाऊन भिडतो आणि तिथे कोकणा, महादेव कोळी या समाजांची वस्ती मोठी आहे. मोठ्या गावांत १९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थांच्या माध्यमिक शाळा आहेत, गावोगावी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा आहेत आणि आदिवासी भागात आश्रमशाळा आहेत. या तिन्ही ठिकाणी ग्रंथालय या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी असतात. माध्यमिक शाळेत स्वतंत्र खोली आणि, विद्यार्थीसंख्या पुरेशी असेल तर, ग्रंथपाल असतो. आश्रमशाळेत मुले चोवीस तास राहतात, तेव्हा संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी पुस्तकाला सर्वांत जास्त वेळ मिळू शकतो तो तिथे. प्राथमिक शाळेत मात्र एक लोखंडी कपाट असते आणि त्याची जबाबदारी एखाद्या शिक्षकाकडे किंवा बाईंकडे, बाकीची सगळी कामे सांभाळून, दिलेली असते.

कायद्याने हे कपाट ऐच्छिक ठेवलेले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची पुस्तके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्पष्ट म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. प्राथमिक शाळेसाठी ती ५,००० रुपयांपर्यंत आहे. ही रक्कम मोठी नाही, पण दरवर्षी नीट निवड करून खर्च केली तर चार-पाच वर्षांत छोट्या शाळेचे कपाट चांगले भरते. म्हणजे बहुतेक शाळांत पुस्तके असतात. ती मुलांच्या हाती जात नाहीत, हा खरा प्रश्न आहे.

याचे कारण शिक्षकांची अनास्था असे सरसकट सांगणे अन्यायाचे होईल. शाळेत आलेले पुस्तक नोंदवहीत चढते. त्याला दाखल क्रमांक मिळतो, आतल्या पानावर शिक्का बसतो आणि त्या क्षणापासून ते शाळेची मालमत्ता होते. शिक्षकाची बदली झाली की चार्ज देताना पुस्तके मोजून द्यावी लागतात. एखादे कमी भरले तर त्याचे उत्तर कोण देणार, ही धास्ती कपाटाला कुलूप लावते. ‘पुस्तकं उघडी ठेवली की जातात’ हे वाक्य म्हणूनच शाळाशाळांत ऐकू येते. वास्तविक वापरात काही पुस्तके हरवणार आणि काही फाटणार, हे सरकारी हिशेबपद्धतीलाही मान्य आहे. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांविषयी अशी तरतूद आहे, की वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर १,००० पुस्तकांमागे ५ पुस्तके गहाळ झाली आणि त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसेल, तर ती हानी वाजवी समजावी. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे. परंतु त्यामागचे तत्त्व गावच्या शाळेलाही लागू पडते. मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीने वर्षाच्या सुरुवातीलाच ‘वापरात झीज होईल ती शाळेची, शिक्षकाची नव्हे’ असा ठराव करून ठेवला, तर चार्ज सांभाळणाऱ्याच्या मनावरचे ओझे उतरते. मुलांची ओळख करून देण्याच्या कामाला खरी सुरुवात या ठरावापासून होते.

त्यानंतर जागेचा विचार येतो. पहिली-दुसरीच्या मुलाचा हात जिथे पोहोचत नाही, तिथे ठेवलेले पुस्तक त्याच्यासाठी नसल्यासारखेच. लहान मुलांची पुस्तके खालच्या फळीवर, आणि शक्य तितकी मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवावीत. वाचता न येणारे मूल कण्यावरचे नाव पाहून पुस्तक ओळखू शकत नाही. चित्र पाहून ओळखते. खोली नसेल तर वर्गाचा एक कोपरा पुरतो. खिडकीच्या गजांना किंवा दोन खिळ्यांना दोरी बांधून तिच्यावर पातळ पुस्तके उघडून अडकवण्याची पद्धत अनेक जिल्हा परिषद शाळांनी सहज अंगीकारली आहे. खाली सतरंजी, वर पुरेसा उजेड आणि शेजारी वर्तमानपत्र व ‘किशोर’ मासिकाचे अंक ठेवायला एक बाक, एवढ्यावर वाचनकोपरा उभा राहतो. पाठ्यपुस्तक मंडळाचे ‘किशोर’ १९७१ पासून निघते आहे आणि त्याचे जुने अंकही मुले तितक्याच आवडीने चाळतात. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून थोडे पुढे ओढावे, ओल धरलेली पुस्तके उन्हाऐवजी सावलीत वाऱ्याला ठेवावीत आणि वाळवी-कसरीसाठी फळ्यांवर कडुनिंबाचा वाळला पाला पसरावा. ही कामे मुलांकडून करून घेतली, तर पुस्तक कशाने खराब होते हे त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही.

पहिल्या भेटीत नियम सांगू नयेत. मुलांना पुस्तके हाताळू द्यावीत. पहिल्या दिवशी मुले पुस्तक उलटे धरतील, भराभर पाने उलटून ते खाली ठेवतील, एकच पुस्तक तिघे ओढतील. हे सगळे अपेक्षितच आहे. मूल पुस्तकाचा आकार, वजन, कागद आणि चित्रे यांची आधी ओळख करून घेते आणि मगच मजकुराकडे वळते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत पान कसे उलटायचे, ते करून दाखवावे: उजव्या पानाचा वरचा कोपरा बोटाने हलकेच उचलायचा आणि तळहाताने पान डावीकडे न्यायचे. बोटाला थुंकी लावायची नाही, खुणेसाठी पानाचा कोपरा दुमडायचा नाही, कागदाची पट्टी घालायची. जेवणानंतर हात धुऊन यायचे. एवढे चार नियम पुरेसे आहेत आणि ते भिंतीवर लिहिण्यापेक्षा शिक्षकाच्या हातून रोज दिसले, तर मुले ते पाहून उचलतात.

लहान वर्गांत ग्रंथालयाची ओळख कानाने होते. आठवड्यातून दोन-तीनदा शिक्षकाने एक गोष्ट पुस्तकातून वाचून दाखवावी. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तिची स्वतःची किंमत आहे, पण वाचून दाखवताना मुलाला एक वेगळी गोष्ट उमगते: ही गंमत गुरुजींच्या डोक्यातून येत नाही, ती या पानांवर आहे आणि उद्या ते पुस्तक काढले तर पुन्हा तिथेच सापडेल. वाचताना पुस्तक मुलांकडे तोंड करून धरावे, चित्रावर थांबावे, पुढे काय होईल ते विचारावे आणि वाचून झाल्यावर ते पुस्तक मुलांदेखत खालच्या फळीवर ठेवावे. थोड्याच वेळात एखादे मूल तिथे जाऊन नेमके तेच उचलते. सगळा मजकूर त्याला वाचता येत नसतो. ऐकलेली वाक्ये आठवत, चित्रांच्या आधाराने ते बोट फिरवत जाते. वाचनाची ही खरीखुरी सुरुवात आहे. तिला ‘पाठ केलंय, वाचत नाही’ म्हणून हिणवू नये.

तालुक्याच्या पश्चिम भागात हे काम अधिक जपून करावे लागते. कोकणा कुटुंबातले मूल घरी आपली बोली बोलते आणि पाठ्यपुस्तकातली मराठी त्याला शाळेतच भेटते. अशा मुलाला पहिल्याच दिवशी मजकुराने भरलेले पुस्तक दिले, तर ग्रंथालय म्हणजे आपल्याला न येणाऱ्या गोष्टींची जागा, असे त्याच्या मनात बसते. माधुरी पुरंदरे यांच्या ‘चित्रवाचन’सारखी पुस्तके इथे मोलाची ठरतात. चित्रातला बाजार, घर, रस्ता पाहून मूल आपल्या बोलीत बोलू लागते, शिक्षक त्यातले शब्द फळ्यावर लिहितात आणि त्याशेजारी मराठी शब्द येतो. मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांच्याच बोलीत लिहून, त्यांच्याच चित्रांसह, शिवून ठेवलेली वही हेही ग्रंथालयाचे पुस्तकच आहे. तिला दाखल क्रमांक द्यावा, शिक्का मारावा आणि ती फळीवर ठेवावी. आपल्या घरची गोष्ट छापील पुस्तकांच्या ओळीत उभी असलेली पाहिली, की मुलाला त्या ओळीत हात घालायची भीती राहत नाही. पालघर जिल्ह्यात वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथून काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ संस्थेने आदिवासी भागातल्या मुलांच्या भाषाशिक्षणात गोष्ट आणि पुस्तक यांना मध्यवर्ती स्थान दिले आहे. गोव्यात पणजीच्या, २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘बुकवर्म’ने शाळांमधून ग्रंथालयाचा तास रुजवला आहे. दोन्हीकडे सूत्र एकच: मुलाला पुस्तकाजवळ आणणारे मोठे माणूस रोज तिथे हजर असले पाहिजे.

तिसरी-चौथीपासून निवडीला सुरुवात होते. पुस्तक निवडणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे. आधी मुखपृष्ठ आणि नाव पाहायचे, मग मलपृष्ठावरचा मजकूर वाचायचा, मग मधलेच एखादे पान उघडून वाचून बघायचे. त्या पानावर न समजणारा शब्द आला की एक बोट दुमडायचे. पान संपेपर्यंत पाचही बोटे दुमडली, तर ते पुस्तक आणखी काही महिन्यांनी घ्यायचे. ही पाच बोटांची कसोटी मुलांना फार आवडते, कारण तिच्यात निर्णय त्यांचा त्यांनी घ्यायचा असतो. पुस्तकांच्या कण्यांवर पातळीनुसार रंगीत पट्ट्या चिकटवल्या तर निवड आणखी सोपी होते. फक्त त्या पट्ट्या पुस्तकांवर असाव्यात, मुलांवर नसाव्यात. ‘तू हिरव्या पट्टीतला’ असे एकदा म्हटले गेले, की मूल आपली पायरी सोडून वरचे किंवा खालचे पुस्तक उचलायला कचरते. सातवीतल्या मुलाला चित्रांचे पुस्तक घ्यावेसे वाटले तर घेऊ द्यावे, आणि चौथीतल्या मुलीने जाडजूड कादंबरी मागितली तरी देऊन पाहावी. आवडले नाही तर अर्धवट सोडून परत करण्याची मुभाही हवी. निवडलेले प्रत्येक पुस्तक संपवलेच पाहिजे, अशी सक्ती केली की मुले सर्वांत पातळ पुस्तक शोधू लागतात.

यानंतरची पायरी म्हणजे पुस्तक घरी नेणे, आणि या पायरीवर शाळेची खरी परीक्षा असते. ‘मॅडम, हे घरी नेऊ?’ असे विचारणाऱ्या तिसरीतल्या मुलीच्या बाजूने ही क्रिया पाहिली, तर तिचे मोल कळते. ती देवघेवीच्या वहीत तारीख लिहिते, आपले नाव लिहिते, पुस्तकाचे नाव पाहून-पाहून उतरवते, आतल्या पानावरच्या शिक्क्यातला दाखल क्रमांक शोधून त्याच्या रकान्यात मांडते आणि शेवटी सही करते. घरातली मोठी माणसे सही करतात ती बँकेत, सोसायटीत आणि ग्रामपंचायतीत. तिची सही इथे पहिल्यांदा कोणीतरी खरी मानली आहे. शेवटच्या पानाला चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवर परत करायचा दिवस लिहिला जातो, पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत जाते आणि दप्तरात घरी पोहोचते. तिथे ते तिच्याबरोबर धाकटा भाऊ पाहतो, आई पान उलटते, शाळेत न गेलेली आजी चित्राबद्दल विचारते. एक पुस्तक एका नावावर गेले, तरी ते घरातली तीन-चार माणसे हाताळतात.

देवघेवीची वही मुलांनीच सांभाळावी. पाचवी ते सातवीतली दोन-दोन मुले आळीपाळीने बालग्रंथपाल म्हणून नेमली, की शिक्षकाचे काम हलके होते आणि व्यवहारही चोख राहतो. आलेली पुस्तके तपासणे, ती जागच्या जागी लावणे, राहिलेल्यांची यादी करणे, सुटलेली पाने डिंकाने आणि पातळ कागदाने चिकटवणे ही कामे मुले आनंदाने करतात. उशिरा आलेल्या पुस्तकासाठी दंडाचे पैसे घेऊ नयेत. मजुरी करणाऱ्या घरात दोन-पाच रुपयांचा दंडही मुलाला ग्रंथालयापासून कायमचा तोडतो. मग ते मूल पुस्तक परत करायलाच येत नाही. फाटलेले पुस्तक त्या मुलाच्या हातूनच शाळेत बसून दुरुस्त करून घेणे, ही त्याहून चांगली शिक्षा आणि चांगले शिक्षण आहे.

वरच्या वर्गांत पुस्तकाची रचना शिकवावी लागते. मुखपृष्ठ, शीर्षकपान, लेखक, चित्रकार, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती, अनुक्रमणिका, शेवटची सूची हे सगळे पाठ्यपुस्तकातही असते, पण तिथे कोणी ते पाहत नाही. अनुक्रमणिकेवरून हवे ते प्रकरण काढणे आणि सूचीवरून हवा तो शब्द कोणत्या पानावर आहे ते शोधणे, ही दोन कामे आली की मूल पुस्तक पहिल्या पानापासूनच वाचले पाहिजे या समजातून मोकळे होते. माहितीचे पुस्तक आणि गोष्टीचे पुस्तक यांतला फरक त्याला इथेच कळतो.

त्याच सुमारास वर्गीकरणाची ओळख करून द्यावी. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये मांडलेली दशांश पद्धत जगभरच्या ग्रंथालयांत वापरली जाते. तिच्यात सगळे ज्ञान ० ते ९ अशा दहा वर्गांत विभागलेले आहे: ५०० मध्ये विज्ञान, ६०० मध्ये तंत्रज्ञान व उपयोजित शास्त्रे, ८०० मध्ये साहित्य, ९०० मध्ये इतिहास आणि भूगोल. हे फळ्यावर लिहून पाठ करून घेतले तर कंटाळवाणे होते. दिंडोरीत ते शिकवायला द्राक्षाचा वेल पुरेसा आहे. ६०० म्हणजे उपयोजित शास्त्रे, त्यात ६३० म्हणजे शेती, ६३४ म्हणजे फळबागा आणि ६३४.८ म्हणजे द्राक्षे. घरी रोज भुरी आणि डावणी या द्राक्षांवरच्या रोगांच्या गप्पा ऐकणाऱ्या मुलाला एका आकड्याच्या बोटाला धरून आपल्या बागेपर्यंत पोहोचता येते, आणि तोच आकडा नाशिकच्या, मुंबईच्या किंवा परदेशातल्या ग्रंथालयातही त्याला द्राक्षांच्याच पुस्तकांपाशी नेतो. तालुक्यातल्या, मुघलांशी वर्षानुवर्षे झुंजलेल्या रामशेज किल्ल्याची माहिती ९५४ मध्ये, म्हणजे भारताच्या इतिहासात शोधायची, आणि मराठी साहित्य ८९१.४६ मध्ये. दोनशे-तीनशे पुस्तकांच्या शाळेला ही सगळी पद्धत लावण्याची गरज नसते. गोष्टी, कविता, चरित्रे, विज्ञान, शेती, आपला परिसर अशा पाच-सहा गटांच्या चिठ्ठ्या फळ्यांना लावल्या तरी भागते. पण प्रत्येक पुस्तकाची ठरलेली जागा असते आणि ती जागा विषयावरून ठरते, ही कल्पना मुलाच्या मनात पक्की झाली पाहिजे.

संदर्भग्रंथांची ओळख खेळातून चांगली होते. शब्दकोश उघडून पाच शब्द शोधण्याची शर्यत लावली, की वर्णमालेचा क्रम खऱ्या कामाला येतो. बाराखडीतली कोणती अक्षरे आधी, जोडाक्षर कुठे, अनुस्वार कुठे, हे सगळे मुलांना नव्याने पाहावे लागते. क्ष आणि ज्ञ काही कोशांत शेवटी असतात, तर काहींत क आणि ज यांच्या जोडाक्षरांत. म्हणून कोशाची पहिली पाने वाचायची सवय लावावी. महादेवशास्त्री जोशी यांचा ‘मुलांचा संस्कृतिकोश’ आणि वाई इथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश ही नावे सातवी-आठवीच्या मुलांना माहीत असावीत. कादवा नदी, सप्तशृंग गड, कांदा, सह्याद्री अशा जवळच्या विषयांवर प्रत्येकी एक प्रश्न देऊन त्याचे उत्तर दोन वेगळ्या पुस्तकांतून काढायला सांगावे. दोन पुस्तकांत दोन वेगळी उत्तरे मिळाली, तर कोणते कशावरून मानायचे हा विचार वर्गातच करता येतो. मोबाइलवर एका क्षणात उत्तर मिळण्याच्या काळात ही सवय पूर्वीपेक्षाही निकडीची झाली आहे.

हे सारे एका दिवसात होत नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाटे उघडतात, मुले पटांगणात रांगेने बसून वाचतात आणि छायाचित्रे निघतात. त्या दिवसाचे महत्त्व आहेच, पण त्याची खरी किंमत पुढच्या आठवड्यातल्या वाचनतासावर ठरते. वेळापत्रकात ग्रंथालयाचा एक तास ठरलेला असावा आणि गणिताचा राहिलेला भाग उरकायला तो कोणी घेऊ नये.

द्राक्षपट्ट्यात हंगामाचा विचार वेगळा करावा लागतो. ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी आणि जानेवारीपासूनची काढणी या काळात पेठ, सुरगाणा भागातली कुटुंबे कामासाठी बागांवर येऊन राहतात. मुलेही बरोबर येतात. काही जवळच्या शाळेत बसतात, काही बसत नाहीत. गावची शाळा सोडताना मुलाला दोन-तीन पुस्तके बरोबर द्यावीत आणि ती पुस्तके कामाच्या गावातल्या शाळेत जमा करता यावीत, अशी व्यवस्था शाळागटांच्या केंद्रप्रमुखांनी आपसांत ठरवली, तर ते सहज जमण्यासारखे आहे. चार पुस्तके इकडची तिकडे झाली तरी चालतील. मुलाचे वाचन मध्येच तुटू नये, हे महत्त्वाचे.

पुस्तकाने वाचकाकडे चालत जाण्याची परंपरा नाशिक जिल्ह्याला नवी नाही. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० पासून बडोदा संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी केली. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन काढले आणि लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती गावोगावी पाठवली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या कल्पनेतून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे जाते, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलली जाते, आणि अशा पेट्या परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही पोहोचल्या. हीच रीत लहान प्रमाणात केंद्रातल्या शाळांना वापरता येते. दहा छोट्या शाळांनी पंचवीस-पंचवीस वेगळ्या पुस्तकांच्या दहा पेट्या केल्या आणि दर महिन्याला त्या पुढच्या शाळेकडे सरकवल्या, तर प्रत्येक शाळेतल्या मुलांना वर्षभरात अडीचशे पुस्तके दिसतात. एकट्या शाळेला जे परवडत नाही, ते दहा शाळांना मिळून परवडते.

शाळेच्या ग्रंथालयाचा शेवट शाळेपाशी होऊ नये. आठवी-नववीच्या मुलांना एकदा तरी सार्वजनिक ग्रंथालयात न्यावे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ग्रंथालयांना शासनाची मान्यता आणि अनुदान मिळते, आणि दिंडोरीपासून तासाभराच्या अंतरावर नाशिकमध्ये १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय उभे आहे. शाळेतल्या कपाटात देवघेवीची वही भरायला शिकलेले मूल तिथल्या काउंटरपाशी बुजत नाही. सभासद कसे व्हायचे, अनामत किती, पुस्तक किती दिवस ठेवता येते, हे ते स्वतः विचारते. दहावीनंतर शाळा सुटते, तेव्हा त्याच्याजवळ राहते ती ही धिटाई.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रे मांडली. पुस्तके वापरासाठी आहेत, हे त्यांतले पहिले. उरलेली चार म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय वाढत राहावे. शाळेच्या ग्रंथालयाची तपासणी या पाच कसोट्यांवर करावी. किती पुस्तके आहेत, यापेक्षा देवघेवीच्या वहीची किती पाने भरली, हे तपासणाऱ्याने आधी पाहावे. कोरी करकरीत पुस्तके हे चांगल्या सांभाळाचे लक्षण समजले जाते. प्रत्यक्षात ती न वापरल्याची खूण असतात. ज्या शाळेत पुस्तकांचे कोपरे मऊ झाले आहेत, काही पाने चिकटवलेली आहेत आणि वहीत मुलांच्या वेड्यावाकड्या सह्या आहेत, त्या शाळेने आपले काम केले आहे. दिंडोरीतल्या, आणि दिंडोरीसारख्या प्रत्येक तालुक्यातल्या, मुख्याध्यापकांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी यंदा एवढे करावे: कपाटाची किल्ली बालग्रंथपालाच्या हाती द्यावी आणि वर्षअखेरीस पुस्तके मोजण्याआधी वाचक मोजावेत.